अजून कुठं जुनं दिसतंय?

रामराम, चहापाणी हे सगळं म्हाबळूकाकांनी सोडूनच दिलं होतं. माणूस दिसला की पहिला सवाल, "मोबाइल काढ. तुझ्याकडं माझं जुनं दिसतंय का नवं?" बसचा कंडक्टर सुटला नाही, पूजेला आलेले भटजीही नाहीत. रेंज नाही म्हटलं, तर हाताला धरून टेकडीवर नेत.

काका गुंद गावचे, माझे शेजारी. पाहुण्यांसाठी त्यांनी घरालगत दोन खोल्या बांधल्या आहेत. त्यांची वेबसाइट मी केलेली. वरच काकूंचा फोटो, हातात उकडलेल्या कंदांचं ताट, खाली लिहिलेलं, "या, बसा."

काकू गेल्या पावसाळ्यात गेल्या. तरी पाहुणे दारात उभं राहून त्यांनाच हाक मारत. दरवेळी काकांना नव्यानं सांगावं लागे. शेवटी तेच म्हणाले, "बदल बाबा ते." मी त्या फोटोशिवाय नवी साइट केली, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली, नाव तेच ठेवलं. जुनीही काही दिवस चालू राहू दिली.

मग काकांचा ससेमिरा सुरू झाला. मी समजावलं, "काका, नावाला नवा पत्ता लावलाय. पण वाटेवरची मशीनं जुना पत्ता लक्षात ठेवतात. मुदत संपली की मगच परत विचारतात. कुणाची आधी संपते, कुणाची नंतर."

"म्हंजे सांगाव्यागत," काका म्हणाले. "ही गेली तवा कुंभारवाड्याला माणूस चालत गेला. त्यो पोचस्तवर तिथं ही जितीच हुती."

उदाहरण झकास होतं. मी मान डोलावली आणि कामाला लागलो.

काका रोज टेकडीवरून फोन लावत. कॅसलरॉकला नवं, बेळगावात जुनं. 'जुनं' म्हणणाऱ्याशी तासभर गप्पा, 'नवं' म्हणणाऱ्याचा फोन बंद. माझ्या कामात खोट काढतायत असं वाटून मी वैतागलोच होतो.

शेवटी काकांच्या कारवारच्या भाच्याकडेही नवं दिसलं. मी टेकडी चढून सांगितलं, "काका, सगळीकडं पोचलं बघा!"

काका दगडावर बसले.

"काकूंचा तो फोटो जपून ठेवलाय मी," मी म्हणालो.

"फोटो घरात हाय की, हार घातलेला." पंच्याच्या टोकानं ते मोबाइल पुसत राहिले. "तिथं ती अजून लोकास्नी या, बसा म्हणत हुती."

मी त्यांच्या शेजारी दगडावर टेकलो.

मग त्यांनीच विचारलं, "दिल्लीला तुझ्या वळखीचं कोण हाय काय रे?"