बोरस्त्यांचा बिनअक्षरी विमानतळ

माझं विमान तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी बोरस्त्यांच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मधोमध उभी होते. एका हातात माझी खरी बॅग, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं तिकीट, आणि समोर बोरस्ते शिट्टी फुंकत होते.

"गेलं, मावशी. ते बघा, चाललं." त्यांनी पांढरं प्लास्टिकचं विमान उचललं, खिडकीपर्यंत नेलं आणि पडद्यामागे ठेवलं. "आता पुढचं उद्या."

"मग उद्यापर्यंत चहा तरी मिळेल का?"

"तुम्ही खुर्चीत बसून का राहिलात?"

"पाय दुखले म्हणून. खुर्ची काय पूजेला मांडलीय?"

"आमच्याकडे असं नसतं," बोरस्ते म्हणाले आणि खुर्चीखाली वाकून तिथलं घुंगरू वाजतंय का ते बघू लागले.

माझं वय बहात्तर. सिन्नरच्या बाजारात वीस वर्षं भाजी विकली, नवऱ्याचं दुखणं काढलं, सुनेची दोन बाळंतपणं केली. कुठे काही चुकलं नाही. आणि छप्पन्न वर्षांचा हा माणूस कुवेतच्या मंगफ भागात, चौथ्या मजल्यावर मला उभी करून विमान चुकवून दाखवत होता! माझ्या जिवाचा नुसता संताप झाला.

बोरस्ते आमचे समोरचे शेजारी. मूळ निफाडचे. मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत माझ्या मुलाबरोबर इंजिनिअर आहेत. बायको आणि मुलगी शिक्षणासाठी पुण्याला. त्यामुळे दोन बेडरूमच्या घरात हा एकटा माणूस, आणि त्याचा विमानतळ.

विमानतळ म्हणजे खेळण्यातला नव्हे. जेवणाच्या टेबलावर सुरू होतो, तिथून उतरून हॉलभर पसरतो आणि एका बेडरूममध्ये शिरतो. फ्रिजबरोबर आलेल्या थर्माकोलच्या भिंती. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या बाटल्या एकावर एक चिकटवून केलेला उंच मनोरा. काळ्या रेक्झिनची धावपट्टी. टेबलावर सगळं बोटाएवढं, पण खाली जमिनीवर खऱ्या खुर्च्या, खऱ्या दोऱ्या बांधलेल्या रांगा. म्हणजे टेबलावर बघायचं आणि खाली चालायचं. मोलकरीण टिकत नाही ती ह्यामुळेच. एकदा तिने धावपट्टी पुसली तर हे म्हणाले, विमान उतरत होतं!

हा विमानतळ कुवेतचा नाही, मुंबईचाही नाही. जगात नसलेल्या एका देशाचा आहे. देशाचं नाव विचारलं तर बोरस्ते झेंड्याकडे बोट दाखवतात. झेंड्यावर वांगं आहे. जांभळं, देठासकट.

"देशाचं नाव वांगं?"

"नाव लिहिलेलंच नाही, मावशी. आमच्याकडे अक्षर नाही. कुठेही नाही."

खरंच नव्हतं. मी शोधून शोधून थकले. गेटांना नंबर नाहीत. एका गेटावर चिमणी, एकावर विळी, एकावर छत्री, एकावर कांद्याची पात. तिकिटावर जे चित्र, त्याच गेटावर जायचं. मी चौथी पास आहे. मराठी वाचते, पण इंग्रजी अक्षरं मला साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखी दिसतात. तरी माझा अपमान झालाच. म्हटलं, "मला काय बालवाडीत घातलंय?"

"तुम्हाला विळी कळते ना?"

"कळते."

"झालं तर."

आमच्या लोकांत इथे एक चाल आहे. कुणी गावी निघालं की ही बातमी सगळ्या बिल्डिंगला लागते आणि जो तो एकेक पुडकं घेऊन दारात येतो. कुणाच्या सासूचा बाम, कुणाच्या भाच्याचे बूट. नाही म्हणता येत नाही, आणि शेवटी आपलीच लुगडी बॅगेबाहेर राहतात. बोरस्त्यांच्या विमानतळावर त्यासाठी वेगळी खिडकी आहे. आपण गप्प उभं राहायचं, खिडकीतला माणूस आपल्या वतीने नाही म्हणतो. वाईटपणा त्याचा. ही एक गोष्ट मला पटली. पण मी तसं बोलले नाही, नाहीतर ते आणखी चढले असते.

आता मी ह्या जंजाळात सापडले कशी? सिन्नरला माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. मुलाच्या रिफायनरीत शटडाउनचं काम, रजा बंद. सून अर्दिया भागातल्या गोदामात हिशेबनीस, तिलाही सुटता येईना. थेट विमानात जागा मिळाली नाही. मिळालं ते तिकीट मध्ये एका देशात उतरून दुसरं विमान पकडायचं. आजवर मी एकटी कधी विमानात बसले नव्हते.

मुलगा म्हणाला, "आई, व्हीलचेअर सांगतो. ढकलत नेतील."

"माझे पाय धड आहेत. मी काय गोणी आहे?"

नात म्हणाली, "आजी, इट्स ईझी, जस्ट फॉलो द साइन्स." तिला म्हटलं, तुझ्या साइन्स तूच वाच बाई.

तेवढ्यात बोरस्ते दारात उभे. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. "मावशी एकट्या जाणार? मधे उतरून? उद्यापासून सहा वाजता माझ्याकडे. बॅग घेऊन."

पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी त्या हॉलमध्ये बॅग ओढत फिरले. ते कधी पोलीस व्हायचे, कधी बॅग तपासणारे, कधी विमानातली बाई. विमानातली बाई होताना खांद्यावर टॉवेल घ्यायचे. एकदा खालचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, पाण्याची तक्रार बघायला आला आणि हा प्रकार बघून उलट्या पावली गेला. दुसऱ्या दिवशीपासून तो मला लिफ्टमध्ये हात जोडून जागा देऊ लागला. वेड्यांना देतात तशी.

पण बोरस्त्यांचं सगळं लक्ष खुर्चीवर. मी बसले की हे घड्याळ बघणार. थोडा वेळ गेला की खुर्चीखालचं घुंगरू वाजवणार आणि समोर येऊन विचारणार, "आई, कुठे जायचंय?"

"मी तुमची आई नाही. मावशी म्हणता ना?"

"आमच्याकडे असंच विचारतात. खुर्चीत बसलेल्या बाईला तासाच्या वर एकटं ठेवायचं नाही, असा नियम आहे."

"बसायचीसुद्धा चोरी!"

"मावशी, एक बाई होती." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "अशीच मधे उतरली. खुर्चीत बसली. गेट बदललं, विमान गेलं, तिला कळलंच नाही. बसूनच राहिली."

"कोण बाई?"

"होती एक."

ही 'होती एक' मी निदान वीस वेळा ऐकली. दर वेळी विचारलं, दर वेळी तेच उत्तर. मनात म्हटलं, बाई कुठली, ह्यांनीच रचलेली असणार. ज्याने देश रचला त्याला बाई रचायला काय?

त्यांनी मला एकच गोष्ट पाठ करून घेतली. तासाभराने उठायचं, फिरायचं आणि विचारायचं. एकाला नाही, दोघांना. "आणि दुसरा माणूस झाडू मारणारा बघायचा. कोट घातलेला माणूस घाईत चुकीचं सांगतो. झाडणाऱ्याला सगळं माहीत असतं."

निघायच्या दिवशी सगळं सामान भरून झालं. मी पुडक्यांना साफ नाही म्हणून टाकलं होतं, बोरस्त्यांच्या खिडकीचं नाव सांगून. तेवढ्यात हेच महाशय आले. हातात पुडकं. खजुराचा डबा आणि एक टॉर्च. नजर माझ्या चपलांकडे.

"मावशी, निफाडला... आईला. जमलं तर."

"आणि तो खिडकीतला माणूस कुठे गेला?"

त्यांनी पुडकं आणखी पुढे केलं. मी माझं एक लुगडं काढलं आणि पुडकं आत कोंबलं. शिव्या घालतच कोंबलं.

आता त्या मधल्या विमानतळाचं सांगते. नाव सांगत नाही, सगळीकडचे मेले सारखेच असणार. लग्नाचा मांडव असतो तेवढा उजेड. अत्तराची दुकानं मैलभर, आणि साध्या पाण्याचा नळ शोधायला अर्धा तास. माझ्या पाटल्या काढायला लावल्या, चाळीस वर्षांत निघाल्या नव्हत्या त्या साबण लावून काढल्या. फोन होता, पण तिथे चालत नव्हता. मुलाने निघताना पुढच्या तिकिटावरचा गेटाचा नंबर कागदावर मोठा काढून दिला होता, त्या आकाराशी आकार जुळवत मी गेट शोधलं आणि खुर्चीत बसले. खुर्ची मऊ होती. गार वारा येत होता. डोळा लागायच्या बेतात होता.

आणि खरं सांगते, मला घुंगरू ऐकू आलं. खुर्चीखाली काही नव्हतं. पण कानाला पंधरा दिवसांची सवय.

उठले. कोटवाल्या माणसाला कागद दाखवला. "यहीं है माताजी, बैठिए," असं म्हणून तो चालू लागला. मी बसणारच होते. पण दोघांना विचारायचं ठरलं होतं. पलीकडे एक बाई लादी पुसत होती. तिने कागद बघितला, माझं तिकीट बघितलं, वरची पाटी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अरे अम्मा! वो तो उधर गया। उस कोने में। भागो!"

बहात्तराव्या वर्षी मी लुगड्याचा ओचा धरून धावले. पुढे ती बाई, हातात ओली फडकी. दार लावत होते. तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण दार पुन्हा उघडलं. मी आत जाऊन बसले आणि पहिला विचार आला तो हा, की आता बोरस्त्यांना हे सांगावं लागणार. ते आणखी चढणार. ह्या विचाराने मला विमानभर राग येत राहिला.

सुमनचं ऑपरेशन नीट झालं. ती काठी धरून चालायला लागल्यावर एके दिवशी सकाळच्या एसटीने निफाडला गेले, पुडकं द्यायला. बोरस्त्यांची आई यमुनाबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची, काटक, कान शाबूत. टॉर्च तिने दिवसाउजेडी तीनदा लावून बघितली. मी म्हटलं, तुमच्या मुलाने मला विमानाचं शिकवलं, नाहीतर मी मध्येच अडकले असते.

"मी अडकले व्हते ना," ती म्हणाली. लसूण सोलतच.

"कुठे?"

"तिथंच की. मधल्या ठेसनावर. त्यो नवा नवा तिकडं गेल्ता, मला बोलावलं. फोनवर सांगेल होतं त्यानं, आई, खुर्चीत बस, कोणी बोलावल्याबिगर जागंवून हालू नको. मंग मी कामून हालू? पोरानं सांगेल होतं. नाही हालले."

"किती वेळ?"

"चौदा घंटे, असं मागून त्यानंच मोजलं. मला काय घड्याळ? भाकर व्हती बांधेल, ती खाल्ली. लोकं यायचे, बसायचे, जायचे. मला वाटलं, आपलं नाव येईल. मंग एक झाडणारी पोर आली, तिनं इचारलं, आई, कुठं जायचंय? तिनंच धाडलं मला दुसऱ्या इमानात." तिने पाकळ्या सुपात टाकल्या. "तिकडं उतरले तं त्यो दारात उभा. त्यो बी तितकाच उभा व्हता. मला धरून रडला येड्यावानी. मी म्हनलं, अरे, खुर्ची चांगली मऊ व्हती."

"मग पुन्हा नाही गेलात?"

"जाईन ना. त्यो बोलवंल तव्हा."

परत येताना मुलाने थेट विमान बघितलं. मंगफला पोचले आणि बॅग न उघडता समोरचं दार वाजवलं. बोरस्ते मनोऱ्यावर नवी लबनची बाटली चढवत होते.

"तुमची आई यायला तयार आहे. तुम्ही बोलवत का नाही?"

बाटली हातातच राहिली. "मावशी, आमच्याकडे अजून काम बाकी आहे. खुर्च्या..."

"तुमच्या खुर्च्या घाला चुलीत. इतकी वर्षं तुम्ही थर्माकोल कापताय आणि ती ओसरीवर वाट बघत बसलीय. ती खुर्ची तुम्हाला दिसत नाही? तिच्याखाली घुंगरू कोण बांधणार?"

ते खाली बसले. धावपट्टीवरच बसले. मग हळूच म्हणाले, "हलू नको, असं मीच सांगितलं होतं, मावशी."

"ठाऊक आहे. आता तुम्ही हला."

दिवाळीनंतर मी परत सिन्नरला जाणार आहे, येताना तिला घेऊन येईन. एक चौथी पास आणि एक अंगठेबहाद्दर. तिचा पासपोर्ट नवा करायला बोरस्त्यांनी पुतण्याला फोन केला, माझ्यासमोर केला. मी उभीच राहिले होते.

बाकी माणूस सुधारलेला नाही. कुणी नवं आलं की त्याला विमानतळ दाखवतात आणि खुर्चीपाशी आले की आवाज बारीक करून सांगतात, "एक बाई होती." मी तिथे असले तर गप्प बसत नाही. होती काय, आहे. यमुनाबाई बोरस्ते, राहणार निफाड. चौदा तास खुर्चीत बसली ती तीच, आणि इकडे दारात चौदा तास उभा होता तो हा तिचा मुलगा.