एका बटणाचा मिक्सर

कारभारी पगारे यांनी पिशवीतून नवा मिक्सर काढून सतरंजीवर ठेवला, आणि सहादूच्या बशीतला चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"दादा, याला बटण एकच हाय!"

"एकच आहे," कारभारी समाधानानं म्हणाले. "म्हणूनच घेतला."

गोष्ट त्र्याऐंशी सालची. कारभारी हे नाशिकच्या 'समता गायन पार्टी'चे संस्थापक, मालक आणि स्वतःच्या मते मुख्य गायक. मागच्या पावसाळ्यात इगतपुरीला भर कार्यक्रमात पार्टीचा माईक जोडायचा मोठा मिक्सर ओल लागून मुका झाला होता, आणि श्रोत्यांनी तासभर नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकला होता. तो दुरुस्त झाला, पण तेव्हापासून एक छोटा, पिशवीत मावणारा मिक्सर जोडीला ठेवायचं ठरलं. मिक्सर सांभाळणारा सहादू रेल्वेत वायरमन. त्यानं तीनतीनदा बजावलं होतं, "लहान घ्या, पण प्रत्येक माईकला येगळं बटण पाहिजे."

"दुकानात चार बटणांचाही होता," कारभारी म्हणाले. "मी म्हटलं, नको. आपल्या पार्टीत लहानमोठं कोणी नाही. वाढला तर सगळ्यांचा आवाज वाढेल, कमी झाला तर सगळ्यांचा कमी होईल. चार बटणं म्हणजे चार वर्णच झाले की!"

सहादूनं गायिका लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

खरी भानगड अशी होती. लताबाई बालवाडीच्या शिक्षिका, पण गळा असा, की त्यांनी सूर लावला तर एसटीचा ड्रायव्हर गाडी बंद करून ऐकत बसे आणि उशिराच्या रकान्यात 'लताबाई' असं कारण लिहून मोकळा होई. उलट कारभारी सकाळी घरात नुसते गुणगुणले, तरी नळावरच्या बायका रिकाम्या हंड्यांनिशी परत फिरत. म्हणून नऊ वर्षांपूर्वी पार्टीत येताना लताबाईंनी सहादूला अट घातली होती, "ज्या दिवशी दादांचा आवाज भोंग्यातून आला, त्या दिवशी मी पार्टी सोडली!" तेव्हापासून कारभाऱ्यांच्या माईकचं बटण शून्यावर होतं. ते पेटी वाजवत प्रत्येक ओळ लताबाईंबरोबर गायचे, समोरच्या भोंग्यातून बाहेर पडणारा गोड आवाज आपलाच समजायचे, आणि कोणी कौतुक केलं तर मोठ्या मनानं म्हणायचे, "लताबाईंचीही साथ असते हो."

लताबाई गेल्या तर पार्टीत उरणार होती एक पेटी, एक ढोलकी आणि कारभारी.

"काय वाटेल ते कर," लताबाईंनी सहादूला बाजूला घेऊन सांगितलं, "पण मोठा मिक्सर मरता कामा नये!"

एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमासाठी पार्टी दिंडोरीला निघाली. जीपमध्ये सहादू मोठा मिक्सर मांडीवर घेऊन बसला होता, तोही बायकोच्या, शकुबाईच्या, जाड गोधडीत गुंडाळून.

"अरे, बाळंतिणीलासुद्धा या उन्हात एवढं गुंडाळत नाहीत," कारभारी म्हणाले.

"धूळ लय हाय, दादा."

संध्याकाळी पाचला मांडव गच्च भरला. सहादूनं गोधडी काढलीच नाही. फक्त हात आत जाण्यापुरती फट ठेवली. पहिलं गाणं रंगलं, दुसऱ्याला शिट्ट्या आल्या. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गोधडीतून धूर निघाला. भोंगे गप्प.

"बघा!" कारभाऱ्यांचा चेहरा उजळला. "याला दूरदृष्टी म्हणतात. काढ नवा!"

"वायर सापडत नाय, दादा."

"तुझ्या गळ्यात आहे."

सहादू तरीही चाचपडतच राहिला. शेवटी कारभाऱ्यांनी स्वतः येऊन चारही माईक छोट्या मिक्सरला जोडले आणि ते एकुलतं एक बटण पूर्ण फिरवलं. ढोलकीवर गोटीरामनं थाप मारली, आणि कारभारी नि लताबाई दोघं गायला लागले.

द्राक्षबागेतले पोपट उडाले ते थेट पेठच्या डोंगरापर्यंत थांबले नाहीत. रस्त्यावरच्या एका बैलगाडीचे बैल गाडीवानाला मागे टाकून नाशिकच्या वाटेला लागले. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी कानटोप्या ओढल्या. मांडवात एप्रिल महिन्यात एवढ्या कानटोप्या कुठून आल्या, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

कारभारीही दचकले. माईकवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "लताबाई, घसा पार बसलाय तुमचा. तुम्ही थांबा, मी सांभाळतो."

लताबाईंनी तोंड मिटलं. कारभाऱ्यांनी एकट्यानं वरचा सूर लावला.

"अहो, थांबा म्हटलं ना!" असं म्हणत ते वळले.

लताबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. गोटीराम ढोलकीची दोरी पहिल्यांदाच बघितल्यासारखी तपासत होता. सहादूनं डोळे गच्च मिटले होते. कारभारी आधी लताबाईंकडे, मग भोंग्याकडे बघत राहिले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत राहिला.

आता बाई जाणार, सहादूच्या मनात आलं. लताबाई पुढे झाल्या, खाली वाकल्या, कारभाऱ्यांच्या माईकची पिन उपसली आणि आपल्या माईकवर म्हणाल्या, "मंडळी, दादांच्या माईकमध्ये बिघाड झालाय. ते आता नुसती पेटीवर साथ करतील." आणि त्यांनी सूर लावला. त्या दिवशी कार्यक्रम संपेपर्यंत मांडवातून कोणी उठलं नाही.

परतताना सहादूनं जीपमध्ये हळूच विचारलं, "बाई, तुम्ही तर पार्टी सोडणार होता ना?"

"सोडणारच होते रे. पण त्यांचं तोंड बघितलंस का तू?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच कारभारी पिशवी घेऊन पायरीवर उभे होते. "हा परत घ्या आणि तो चार बटणांचा द्या."

दुकानदारानं मिक्सर उलटासुलटा करून पाहिला. "चांगला तर आहे, पगारे साहेब. बिघाड काय आहे यात?"

कारभाऱ्यांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आवाज जसा आहे तसाच बाहेर येतो हो!"