तेरा वर्षं मुरलेले टायर

सकाळी साडेनऊला बिरसीच्या फाट्यावरून एक ऑटो निघायचा आणि त्याच्या मागोमाग एक लाल स्पोर्ट्स कार. ऑटोत सहा बायका दाटीवाटीनं बसलेल्या, त्यात भूमेश्वरी मॅडम. कारमध्ये एकटा लोकेंद्र कटरे, म्हणजे मॅडमचा सख्खा नवरा. जायचं दोघांनाही गोंदियालाच; तिला शाळेत, त्याला तांदळाच्या बाजारात दलालीला. कारमध्ये जागा दोनच, पण त्यातली एक चांगली रिकामी असायची. तिच्यावर तांदळाच्या नमुन्याच्या पिशव्या ऐटीत बसून जायच्या.

कार वीस-बावीस वर्षांची होती. बिरसीला विमान चालवायला शिकवणारा एक मास्तर बदली होऊन गेला, तेव्हा लोकेंद्रनं ती त्याच्याकडून घेतली. गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसलं की रस्त्यावरची बकरीसुद्धा वर मान करून बघावी लागे. तरी लोकेंद्र ती रोज चालवायचा आणि जोरात चालवायचा. भाद्रपदात एका वळणावर ती घसरली आणि भूमेश्वरीसकट सरळ धानाच्या बांधीत, खाचरातल्या चिखलात उतरली. निंदणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला उभ्या राहिल्या. गुडघाभर चिखलातून नवी साडी आवरत भूमेश्वरी बांधावर आली आणि चारचौघींसमोर म्हणाली, "आता चांगले टायर लावा, मंगच बसीन या गाडीत."

टायर खरोखरच टकलावर हात फिरवावा इतके गुळगुळीत झाले होते. दिवाळी झाली, तरी नवे आले नाहीत. कारण लोकेंद्रला वस्तू घेण्याआधी तिचं कूळमूळ विचारायची खोड. छत्री घ्यायची तरी तो काड्या कुठल्या गावच्या ते विचारायचा. इकडे गाववाले भेटले की विचारायचे, "काऊन भाऊ, भांडण झालं काय? वहिनी ऑटोनं जाऊन राहिली." ते त्याला फार लागायचं. एकवीस वर्षांच्या संसारात बायको शेजारी नाही, पुढच्या ऑटोत पाठमोरी दिसते, हे काही बरं नव्हे. शेवटी एके दिवशी तो भुपेंद्रच्या टायरच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"या मापाचा हा एकच आहे," भुपेंद्र टायर पुढे लोटत म्हणाला. "गाडी जुनी, माप बी जुनं. बाकीचे तीन नागपूरहून मागवून देतो."

लोकेंद्रनं टायर हुंगला, वाजवला, अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. मग त्याची नजर कडेला कोरलेल्या चार आकड्यांवर गेली.

"हे कायचे आकडे होत?"

"ते तारीख आहे ना. चौदा-चोवीस. म्हणजे चोवीस सालचा चौदावा हप्ता. तवा बनला हा."

लोकेंद्रचे डोळे चमकले. "म्हणजे टायरले बी हंगाम असते?"

"हौ ना. अन् हा एकदम ताजा माल आहे, कटरेजी."

लोकेंद्रचा चेहरा पडला. तीस वर्षं त्यानं तांदूळ पाहिला होता. नवा तांदूळ म्हणजे शिजवला की गिचका. जितका जुना, तितका मोकळा, तितका भारी. जो व्यापारी नवा माल ताजा म्हणून गळ्यात मारतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं नसतं, हे तो बाजारात पोरासोरांनाही सांगायचा.

"जुना नाही काय?" त्यानं हळूच विचारलं.

भुपेंद्रनं कानात बोट घालून फिरवलं. "जुना?"

"चार-पाच वर्षं मुरलेला. अजून जुना असन तर बेस्टच."

दुकान टाकल्यापासून भुपेंद्रला असं कोणी विचारलं नव्हतं. "जुना कायले पाहिजे भाई?" असं त्यानं दोनदा विचारलं. लोकेंद्रनं फक्त मंद हसून दाखवलं. धंद्यातली गोष्ट परक्याला कोण सांगतं?

पुढचे पंधरा दिवस लोकेंद्र जिल्हाभर जुन्या टायरच्या मागे हिंडला. बातमी त्याच्या पुढे धावत होती. दुकानदारांनी माळ्यावरचे, गोठ्यातले, पाण्याच्या टाक्यांवर झाकण म्हणून ठेवलेले टायर पुसून पुढे मांडले. एकानं तर कोऱ्या टायरला चिखल फासून तो जुना म्हणून दाखवला. लोकेंद्रनं आकडे वाचून त्याला जागच्या जागी पकडलं. "पंचवीसचा माल अन् जुना म्हणून विकून राहिला? लाज नाही वाटत?" दुकानदार खरोखरच ओशाळला.

अखेर अर्जुनी मोरगावला यादोरावांच्या दुकानात नशीब उघडलं. अगदी त्याच मापाचे चार टायर पोत्यांखाली पडून होते. कोणीतरी मागवून ठेवले आणि न्यायला कधी आलाच नाही. लोकेंद्रनं धूळ पुसून आकडे वाचले. छत्तीस-बारा.

"दोन हजार बारा! छत्तिसावा हप्ता, म्हणजे सप्टेंबर," तो पुटपुटला. "हलका, लवकर पिकणारा धान निघाच्या आधीचा माल."

यादोराव प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "साहेब, एक सांगू काय? हे खूपच जुने—"

"बोलू नोका!" लोकेंद्रनं हात वर केला. "मले माहीत आहे तुमी भाव कायले वाढवून राहिले."

"नाही जी, मी म्हणतो फुकट घेऊन जा तरी—"

"फुकट? वा! असा माल फुकट देऊन कोणी मले फसवाचं नाही." आणि त्यानं यादोरावांच्या खिशात बळेच पैसे कोंबले. यादोरावांनी शेवटी चारही टायर बाहेर काढून दिले. त्यांनी बरंच सांगून पाहिलं होतं.

टायर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकेंद्रनं नमुन्याच्या पिशव्या डिकीत टाकल्या, डावी सीट ओल्या फडक्यानं पुसली आणि दार उघडून उभा राहिला.

"नवे टायर लावले?" भूमेश्वरीनं विचारलं.

"नवे कायले लावीन? तेरा वर्षं मुरलेले आहेत."

भूमेश्वरीनं मान डोलावली. तीही धानवाल्याची पोर. "हौ, नव्याचा तर गिचकाच होते," ती म्हणाली, पर्स मांडीवर घेतली आणि बसली.

लोकेंद्रला आभाळ ठेंगणं झालं. गाडी खडखड वाजत होती, पण पक्क्या मालाचा आवाज असाच असतो, असं त्यानं बायकोला समजावलं. गोंदियाच्या वेशीवर राइस मिलमध्ये त्याला नमुना द्यायचा होता. फाटकाजवळ त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती अगदी सावकाश, गाणं म्हणत असल्यासारखी, फाटकावरून पुढे गेली आणि मिलचा मिस्त्री जीवनलाल सायकल टेकवून उभा होता, त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबली. भूमेश्वरीनं डोळे गच्च मिटले होते.

जीवनलालनं आधी आपले पाय मोजले. मग वाकून टायर पाहिला, नख रोवलं, आकडे वाचले आणि वर पाहिलं.

"भाऊ, हे कोणी देल्लं तुमाले?"

"मीच शोधून आणले. तेरा वर्षं जुने!" लोकेंद्र अजूनही अभिमानानं म्हणाला.

"अन् तुमी तीस वर्षं आमच्या मिलमंदी येऊन राहिले!" जीवनलालनं कपाळावर हात मारला. "धान सोलाचे रबर रोल आमी ताजे काऊन मागवतो? पडून राहिला का रबर दगड होते. मंग तो ना धान धरे, ना रस्ता. तांदूळ मुरते जी, रबर मरते."

 टायरच्या दुकानांत लोकेंद्रनं हजार प्रश्न विचारले होते. नवा बरा का जुना, हा एकच विचारला नव्हता. त्यानं चोरट्या नजरेनं डावीकडे पाहिलं. भूमेश्वरी आता उतरणार, ऑटोला हात करणार आणि पुन्हा जन्मात या दारातून आत येणार नाही, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

"नवे येईपर्यंत वीसच्या वर जाऊ नोका," जीवनलालनं बजावलं.

"वीसनं जाता येते काय हे?" भूमेश्वरीनं डोळे उघडून विचारलं.

"येते ना मॅडम. सायकलच्या मागे मागे."

"मंग चाला," ती म्हणाली आणि उतरली नाही.

लोकेंद्रनं त्याच दिवशी भुपेंद्रकडे ताज्या मालाचे चार टायर सांगितले. भुपेंद्रनं आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं. तेव्हापासून नऊलाच निघावं लागे. ती लाल स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरला वाट देत, म्हशींच्या चालीनं गोंदियाला जायची. ऑटो भोंगा वाजवून पुढे जाई आणि आतल्या बायका हात हलवत. लोकेंद्र आधी शरमेनं पाणी पाणी झाला. पण वीसच्या वेगात इंजिन ओरडत नाही आणि माणसाला काहीतरी बोलावंच लागतं.

"आज गणिताचा कोणता धडा आहे?" तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

"मी भूगोल शिकवतो," भूमेश्वरी म्हणाली. "एकोणीस वर्षं झाले."

लोकेंद्रनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. साऱ्या जगाचं कूळमूळ विचारत हिंडणारा माणूस, आणि घरातलंच विचारायचं राहून गेलं होतं. त्याला मनापासून वाईट वाटलं. मग जे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. वर्गात पोरं किती, डब्याला बरोबर कोण बसतं, नदीला वळणं का पडतात. भूमेश्वरी सांगत होती, हसत होती, मध्येच खिडकीबाहेर हात काढून कापलेल्या बांध्यांतून नदी कशी वळते ते दाखवत होती. इतकं बोलताना त्यानं तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

बारावा दिवस उजाडला तरी भुपेंद्रचा फोन नाही. संध्याकाळी शाळेतून भूमेश्वरीला घेऊन परतताना लोकेंद्रनं गाडी दुकानासमोर लावली आणि एकटाच आत गेला.

"काऊन भाऊ, टायर आले नाही अजून?"

"आले ना! मंगळवारीच आले." भुपेंद्रनं कोपऱ्याकडे बोट केलं. चार कोरे टायर एकावर एक रचलेले होते. "पण मॅडम येऊन सांगून गेल्या ना."

"काय सांगून गेली?"

"घाई करू नोका म्हणे. थोडे जुने होऊ द्या."

लोकेंद्रनं वरच्या टायरवर एकदा थाप मारली. मग बाहेर येऊन गाडीत बसला आणि चावी फिरवली.

"आले काय?" भूमेश्वरीनं रस्त्याकडे बघत विचारलं.

"नाही आले," लोकेंद्र म्हणाला. "बरं, ते नदी समुद्राले मिळते तवा काय होते म्हणत होती तू?"