जालन्याचे पाहुणे

"कोकणात शिरल्यापासून एक रस्ता सरळ दिसला न्हाई," एसटीतून उतरता उतरता कचरूभाऊ म्हणाले. "लेक हितं द्यायची कशी? माहेरी यायचं म्हणलं तर निम्मी सुट्टी वळणातच जाईल तिची."

"अवो, हळू बोला. सोयऱ्यांचं माणूस आसपासच आसंल," उषाबाईंनी मोसंब्यांची पिशवी सावरत दटावलं.

तीर्थपुरीचं हे जोडपं लेकीसाठी स्थळ बघायला आलं होतं. आकांक्षा जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि त्याच कंपनीत सूरज नावाचा कोकणातला मुलगा होता. दोघांचं आपापसात ठरलंही होतं. आता मोठ्यांनी घरदार बघून मान हलवायची तेवढी बाकी होती. हंगाम असल्यानं दोघांनाही सुट्टी मिळाली नाही, म्हणून आकांक्षानं निघताना वडिलांना बजावलं होतं, "बाबा, ते लोक जे म्हणतील त्याला न्हाई म्हणू नका. लग्नाचा विषय तेच काढतील, तुमी काढू नका. तिठ्यावर घ्यायला माणूस येईल. पुढं थोडं चालावं लागतं."

कचरूभाऊंनी कबूल केलं होतं. मनात मात्र वेगळंच होतं. एखादी खोट सापडली की गोड बोलून परत फिरायचं, असं ते तीर्थपुरीहूनच ठरवून निघाले होते.

तिठ्यावर माणूस आला तो धावतच. अंगात अर्धी विजार, पाठीला भलीमोठी पिशवी, गळ्यात शिट्टी.

"जालन्याहून ना?" त्यानं विचारलं.

"हो, जालना जिल्हा."

"राधेश्याम?"

कचरूभाऊंनी चटकन हात जोडले. "राधेश्याम, राधेश्याम!"

"मी कल्याण. चला, लवकर बसा, भरतीच्या आत पलीकडे पोचायचंय."

जीपमध्ये बसल्यावर कचरूभाऊ बायकोच्या कानाशी लागले. "लोक देवभोळे दिसतात. आपल्याकडं राम राम म्हणतात, हितं राधेश्याम म्हणत आसतील."

जीप एका टेकाडावर थांबली. तिथे सात-आठ माणसं उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात काठ्या. त्यात साठीच्या एक बाई होत्या, त्याही अर्ध्या विजारीत. कल्याणनं ओळख करून दिली, "या मीनाताई. आणि हे आपले राधेश्याम."

"राधेश्याम!" कचरूभाऊंनी पुन्हा हात जोडले. ही बहुतेक पोराची आत्या, असा त्यांनी मनाशी हिशेब लावला. उषाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या उघड्या गुडघ्यांकडे बघायचं नाही असं ठरवून समुद्राकडे बघितलं.

"सुटकेस गाडीत राहू द्या," कल्याण म्हणाला. "सामान गाडीनं मुक्कामी जाईल, आपण कड्याकड्यानं चालत."

"सामान गाडीत आन् माणसं पायी?" उषाबाईंना राहवलं नाही.

"तीच तर गंमत आहे, काकू!"

कचरूभाऊंनी डोळ्यांनीच बायकोला गप्प केलं. नाही म्हणायचं नव्हतं. शिवाय थोडंच चालायचं होतं.

ते थोडं संपेचना. काळ्या खडकांतून वाट वर चढायची, धाप लागली की खाली उतरायची, वाळूत पाय रुतायचे आणि समोर पुन्हा कडा. कल्याण पुढून शिट्टी वाजवून ओरडायचा, "वेग वाढवा, पाणी चढतंय!" नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला घालून आलेले कचरूभाऊ कधी बसून, कधी चार पायांवर उतरत होते. मागून कुणीतरी काळजीनं "राधेश्याम!" असं ओरडलं की त्याही अवस्थेत ते खडकाला धरलेला एक हात सोडून नमस्कार करायचे.

"काका, दोन्ही हातांनी धरा हो!" कल्याण किंचाळायचा.

चढावर मीनाताई त्यांच्या बरोबरीला आल्या. "बीपीचा वगैरे त्रास नाही ना?"

चौकशी सुरू झाली हे कचरूभाऊंनी ओळखलं. धापा टाकत ते म्हणाले, "आमच्या घराण्यात कोणालाच न्हाई. साखर न्हाई, दमा न्हाई. चष्मा बी म्हातारपणीच लागतो."

"वा! आणि स्वयंपाकाचं काय? इथे आपापलं ताट आपणच धुवायचं असतं, सांगितलंय ना?"

"पोरगी समदं करती. भाकरी तर आशी थापती का बघत राहावं."

मुलगी का बरं मध्येच आली, हे मीनाताईंना कळलं नाही. पण चढावर माणसाला बोलायला लावू नये म्हणून त्या पुढे झाल्या.

उषाबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. पहिल्या उतारालाच त्यांनी पातळाचा काचा मारला, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि मोसंब्या सगळ्यांना वाटून ओझं हलकं केलं. दुपारपर्यंत त्या कल्याणच्या मागोमाग दुसऱ्या नंबरला होत्या. जन्मभर शेतात, विहिरीवर, बाजाराला चाललेली ती बाई. पण बिनकामाचं चालणं तिला ठाऊकच नव्हतं. एका कड्याच्या टोकाला त्या थांबल्या. खाली लाटा फुटत होत्या आणि समोर निळं पाणी कुठे संपतच नव्हतं. कचरूभाऊ रांगत तिथवर आले तरी त्या वळल्या नाहीत.

"आगं, पाणी दे प्यायला."

"थांबा जरा," उषाबाई म्हणाल्या. "बघून राह्यले मी."

तेवढ्यात कल्याण उत्साहानं म्हणाला, "हे तर काहीच नाही, उद्याचं स्थळ याच्याहून भारी आहे!"

कचरूभाऊ सटपटले. "म्हंजे दुसरं बी पोरगं दाखवणार हायत का काय?" ते पुटपुटले. "मंग पहिलं कोणतं व्हतं?"

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर कचरूभाऊंनी घर शोधत चारी बाजूंना बघितलं. माडांखाली तंबू ठोकलेले होते. घर नव्हतंच.

"वादळात घर पडलं आसंल ह्यांचं," ते तंबूत वाकून शिरत बायकोला म्हणाले. "आन् लाजेपायी सांगना गेलेत. पोराचा बाप तर आजून समोर बी आला न्हाई. उषे, खोट सापडली. उद्या सकाळी निघू."

"आकांक्षाला शब्द दिलाय ना? विषय काढू द्या त्यांना."

"दिवसभर एकानं काढला न्हाई! आत्या बीपीचं इचारती आन् पळती."

बाहेरून मीनाताईंनी सहज विचारलं, "काय वहिनी, झोप लागेल ना तंबूत? आम्हाला तर हेच घर वाटतं."

कचरूभाऊंनी बायकोकडे बघून मान हलवली. कबुलीच मिळाली होती.

सकाळी निघू म्हणाले खरे, पण सामानाची गाडी पहाटेच पुढच्या मुक्कामाला गेली होती, परतीची वाट तीच कड्यांची होती आणि तिथे पाण्यानं रस्ता अडवला होता. पुढे जाण्याशिवाय इलाज नव्हता. ऊन वर आलं तेव्हा सगळी मंडळी एका उंच सड्यावर, सपाट कातळमाथ्यावर पोचली, रेंज आली आणि कचरूभाऊंच्या खिशातला फोन आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच वाजला.

"बाबा!" आकांक्षाच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "किती छान केलंत तुमी! सूरजच्या घरून फोन आल्ता. तुमी होकार दिला म्हणे! त्याचे बाबा म्हणून राह्यले का इतके मोकळे पाहुणे बघितलेच न्हाईत. आईनं सासूबाईला डाल-बाटी बी शिकवली म्हणे. आईला डाल-बाटी कधीपासून येती हो?"

कचरूभाऊंनी फोन कानापासून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. "कुणी दिला होकार?"

"तुमीच की! कालच पोचलात ना?"

"आगं, आमी तर आजून चालूनच राह्यलो!"

मग कल्याणला बोलावलं गेलं. मग फोन कल्याणच्या हातात गेला, त्याच्याकडून मीनाताईंच्या. शेवटी कल्याणनं कपाळावरचा घाम पुसला आणि फार जपून विचारलं, "काका, तुमचं नाव राधेश्याम नाही?"

"माझं? कचरू. तीर्थपुरीचा."

"मग कालपासून तुम्ही ओ देताय ते?"

"तुमी देवाचं नाव घेता, मंग मी काय गप बसू?"

सूरजचं गाव पुढच्याच खाडीच्या अलीकडे होतं आणि वाट त्याच्या खालूनच जात होती. कल्याण दोघांना घेऊन वर गावात गेला. बाकीची मंडळी खाली किनाऱ्यावर थांबली. चिऱ्याचं लांबलचक घर, नीट शाकारलेली कौलं, दाराशी थेट आलेला डांबरी रस्ता. पडवीत सूरजचे वडील दत्ताराम सुपारी कातरत बसले होते. उन्हानं काळवंडलेली, वाळूनं माखलेली तीन माणसं बघून ते उठले.

"कोण हवंय?"

"आमी मुलीकडचे," कचरूभाऊ म्हणाले.

"मुलीकडचे कालच आले," दत्ताराम सुपारीकडे परत वळले. "जेवून झोपलेत."

झोपाळ्यावर लुंगी लावून पहुडलेले एक गोल गृहस्थ दचकून उठले. जालन्यात सळयांचा व्यापार करणारे हे राधेश्यामजी. वजन उतरावं म्हणून सुनेनं त्यांना बायकोसकट या किनाऱ्याच्या पायपिटीला पाठवलं होतं. तिठ्यावर दत्तारामांच्या गाडीवाल्यानं "जालन्याचे पाहुणे ना?" असं विचारलं, हे हो म्हणाले आणि बसले.

"कल से आया हूँ, कोणी चालायचं नावच काढेना," ते ओशाळून म्हणाले. "मोदक काय, घावणे काय. मी बी म्हटलं, आपण कशाला विचारायचं? बिलकुल गप बसलो."

"पण मी सरळ विचारलं तुम्हाला!" दत्तारामांचा आवाज चढला. "म्हटलं, आमचा मुलगा तुम्हाला चालेल ना?"

"मला वाटलं तो बरोबर येणार. मी म्हणलो, तो चालेल हो, आमचंच अवघड आहे."

"मी समजलो तुमची परिस्थिती अवघड आहे! म्हटलं, काळजी करू नका, खर्च आम्ही करू!"

दत्ताराम एकदा या पाहुण्यांकडे, एकदा त्या पाहुण्यांकडे बघत राहिले. शेवटी कचरूभाऊंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रागवू नका, पण आमचं मन त्यांच्यावर बसलं होतं. आता तुमचं काय म्हणणं?"

कचरूभाऊंनी छपराकडे बघितलं. भिंतीवरून हात फिरवला. मग पायरीखालपर्यंत आलेल्या रस्त्याकडे बघितलं.

"रोज चालावं लागत न्हाई ना हितं?"

"छे! गाडी दारात येते. तिठ्यापासून थोडी चालायची पायवाट होती, ती गेल्या वर्षीच मोडली."

"पसंत!" कचरूभाऊ म्हणाले आणि जागा दिसेल तिथे बसले.

आतून साखर आली, नारळ आला. दत्तारामांनी नारळ कचरूभाऊंच्या हातात ठेवता ठेवता इकडेतिकडे बघितलं. "मुलीची आई कुठे गेली? त्यांचाही होकार हवा ना."

उषाबाई नव्हत्या. कल्याणही नव्हता. झोपाळ्यावरून राधेश्यामजींनी सांगितलं, "तो पोरगा आम्हाला न्यायला बघत होता. मी हात जोडले. तुमच्या मिसेस म्हणाल्या, मी जाते. तांब्याभर पाणी प्यायल्या आन् गेल्या."

मग मोठी घाई झाली. दत्ताराम नारळ घेऊन, त्यांच्या पत्नी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आणि कचरूभाऊ लंगडत, अशी सगळी वरात दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून किनाऱ्याला लागली. लांब खडकांवर माणसांची रांग दिसत होती आणि रांगेच्या अगदी पुढे काचा मारलेलं हिरवं पातळ. हाका मारून मारून दत्तारामांचा घसा बसला. पुढच्या वळणावर त्यांनी उषाबाईंना गाठलं तेव्हा तिघांनाही धाप लागली होती.

"विहीणबाई," दत्ताराम कसेबसे म्हणाले, "बैठक... आहे. होकार पाहिजे तुमचा."

उषाबाईंनी पाण्याकडे बघितलं, मग त्या तिघांकडे.

"पोरीला पसंत हाय ना, मंग मला बी हाय. पण थांबायला टाईम न्हाई, पाणी चढून राह्यलंय. अजून काय बोलायचं आसंल तर चालता चालता बोला," असं म्हणून त्या निघाल्या. दत्तारामांनी धोतर वर खोचलं, नारळ काखेत मारला आणि मुहूर्ताचं विचारत ते त्यांच्या मागून खडक चढू लागले.