पिवळी चिठ्ठी आणि पाय चोळायचं यंत्र

एका गावात एक नवरा होता, एक बायको होती, नवऱ्याची म्हातारी आई होती आणि या तिघांपेक्षा जास्त जागा अडवणारं सामान होतं. नवऱ्याला सगळे लगेचराव म्हणत, कारण डोळ्याला दिसलं की तो लगेच घेई. गळका तंबू, न वाजलेली गिटार, पाय चोळायचं यंत्र. (यंत्र एकदाच चालवलं. गुदगुल्या होऊन तो खुर्चीसकट आडवा झाला.)

लगेचराव बसस्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खोलीत कारकून होता. विसरलेल्या वस्तूला तारीख घालून पिवळी चिठ्ठी बांधायची, तीस दिवस वाट बघायची, कोणी न्यायला आलं नाही की लिलाव. वीस वर्षं हेच करता करता एके दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. जिच्यासाठी माणूस परत येत नाही, ती वस्तू त्याला मुळात हवीच नव्हती.

संध्याकाळी तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी घेऊन आला. आता काही घ्यावंसं वाटलं की घ्यायचं नाही, चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लावायचं. तीस दिवसांनी न बघता आठवलं तरच घ्यायचं. पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या लागल्या, आठवली एकच. चप्पल. जुनीचा अंगठा तुटला होता.

 बायको कपडे शिवायची आणि दुकानासाठी एक खोली भाड्याने घ्यायला पैसे साठवत होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारपर्यंत अनामत भरली नाही, तर खोली दुसऱ्याला जाणार होती. पैसे कुठे ठेवलेत ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एव्हाना दुसरा तंबू आला असता.

पण चांगल्या गोष्टीचाही अतिरेक करील तोच लगेचराव. त्याने घरातल्या सामानालाही चिठ्ठ्या बांधल्या. महिनाभर ज्याला कोणी हात लावणार नाही, तसलं पुन्हा घ्यायचं नाही, एवढाच हिशेब.

एकतिसाव्या दिवशी लिलाव होता आणि हा हरवलेल्या सामानाच्या खोलीच्या किल्ल्या घरी विसरला. बसस्थानकावरच्या हातगाडीवाल्या हमालाला घरी पिटाळलं. हमालाने घरात पिवळ्या चिठ्ठ्या बघितल्या, तारखा बघितल्या आणि किल्ल्यांबरोबर चिठ्ठ्या बांधलेलं सगळं सामान भरून आणलं. लिलावात तंबू निघाला तेव्हा लगेचराव मनात हसलासुद्धा. (असाच आपल्याकडे आहे. लोक काय काय घेतात.)

इतक्यात बायको धापा टाकत आली. मागोमाग आई.

"अहो, आपलं सामान इथे कसं?"

"आपलं?" लगेचरावाने आता कुठे नीट बघितलं.

"मीच भरून दिलं," आई म्हणाली. "हमाल म्हणाला, नियम आहे. म्हटलं, देवासारखा आलास बाबा."

बायकोने यंत्राकडे बोट दाखवलं. "त्या यंत्रात माझे पैसे आहेत. पाय घालतात तिथे पिशवी खुपसलीय."

"तिथे कशाला ठेवलेस?"

"तुमचा हात पुन्हा कधी लागणार नाही अशी घरात तेवढीच जागा होती."

 लगेचरावाने लिलाव पुकारणाऱ्या साहेबांना खरं सांगावं, तर ऑफिसच्या चिठ्ठ्या घरी नेल्याचं आधी सांगावं लागलं असतं आणि नोकरीवर पाणी पडलं असतं. बोली लावावी, तर भिंतीवर त्याच्याच अक्षरात पाटी होती: कर्मचारी व त्यांच्या पत्नी यांस बोली लावण्यास मनाई आहे.

आईबद्दल पाटीवर काही नव्हतं.

"आई, ते यंत्र सोडू नकोस," तो कसाबसा म्हणाला.

यंत्र पुढे आलं. "दोनशे," गर्दीतला एक भंगारवाला म्हणाला.

आईने जन्मात लिलाव बघितला नव्हता, आणि सांगितलेल्या भावाने जन्मात काही घेतलं नव्हतं. "दोनशे कसले? दीडशे."

"आजी, बोली वर जाते," साहेब म्हणाले.

"का म्हणून? ती वायर बघा, उंदराने चाखलीय. शंभर."

लगेचरावाने खांब धरला. बायकोने डोळे मिटले.

"आणि माझा लेक यावरून पडलाय," आई भंगारवाल्याला म्हणाली, "खुर्चीसकट. महिनाभर कंबर धरून चालत होता. तुझ्या घरी लहान मुलं आहेत ना रे?"

भंगारवाल्याने यंत्राकडे बघितलं, लगेचरावाच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे बघितलं. "साहेब, माझी बोली मागे. ह्यांचंच असू द्या."

"मग आजी, दीडशे?" साहेबांनी विचारलं.

"शंभर म्हटलं ना. आणि हातगाडीने घरी पोचवायचं."

पिशवी जशीच्या तशी निघाली. शनिवारी अनामत भरली, दुकान उघडलं आणि बरं चाललं. तंबूसाठी घरात कोणी डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पैसे आता फडताळातल्या डब्यात असतात. ते कशासाठी आहेत हे डब्यावर लिहिलेलं असतं आणि तो कुठे आहे हे लगेचरावालाही माहीत असतं. यापेक्षा मोठं भाग्य त्या घरात कधी आलं नव्हतं.

परवा सुट्टीच्या दिवशी तो आरामखुर्चीत पेंगत होता. बायकोने हळूच त्याच्या शर्टाच्या गुंडीला पिवळी चिठ्ठी बांधली.

"हे काय?"

"दुकानात फळी ठोकून देतो म्हणाला होतात. तीस दिवसांत ठोकली नाहीत तर लिलाव."

आईने निवडत्या धान्यातून मान वर केली नाही. "सूनबाई, आधीच सांगून ठेवते. शंभराच्या वर मी जायची नाही."