जवसाच्या तेलातला नंदी

"त्यात काय मोठंसं? मी देते रंगवून!" पोळ्याला तीन दिवस असताना चहाच्या कपबश्या विसळता विसळता मी हे वाक्य बोलून गेले. बोलले आणि स्वतःच दचकले. (मी दूध उतू गेलं तरी दचकते, तेव्हा यात विशेष काही नाही.)

रंगवायचा होता तो नलूचा नंदी. नलू माझी नऊ वर्षांची नणंद. आमच्या पुलगावात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या पारापाशी रांगेत उभी राहतात आणि सर्वांत देखण्या बैलाला बक्षीस मिळतं. गेल्या वर्षी नलूच्या कोऱ्या बैलाला कुणीसं "हा बैल व्हय का पाटा?" म्हटलं होतं. पोर दोन दिवस जेवली नव्हती. यंदा तानबा सुतारानं तळहातावर मावेल एवढा सुबक नंदी करून दिला होता, आणि घरात नागपूरची बी.ए. झालेली वहिनी होती. (तर्कशास्त्र घेऊन. त्यात बैलाचं प्रकरण नाही, पण हे घरात कुणाला सांगायचं?)

रंग म्हणजे दाराला लावून उरलेला ऑइलपेंट. डब्यात त्याचं श्रीखंड झालं होतं. पहिल्याच फटकाऱ्यात बैलाचे डोळे, नाक आणि एक शिंग एकाच लाल गोळ्याखाली गेलं. पुसून काढलं. रंग पातळ करायला हवा होता, पण कशानं?

"रॉकेल टाक," आमचे हे म्हणाले. हे मिलमध्ये क्लार्क आहेत. कुठल्याही अडचणीवर यांचा हाच उपाय असतो.

"पाणी टाका ना!" शेजारच्या प्रमिलाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "पान्यानं काय पातळ होत नाई?"

"जवसाचं तेल घे, सूनबाई," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "माहे सासरे दमणीच्या चाकायचा रंग त्याच्यातच कालवत. बारा वर्सं नाई निंगाला."

मी सुशिक्षित असल्यामुळे कुणाचंच ऐकलं नाही. आधी काड्यापेटीच्या तीन पाठींवर तिन्ही प्रयोग केले. वाटीतल्या पाण्यातच रंगाच्या गोळ्या झाल्या आणि साबुदाण्यासारख्या तरंगू लागल्या. रॉकेलमध्ये रंग छान पातळ झाला. इतका की मी काढलेला डोळा पाहता पाहता खाली ओघळला आणि काड्यापेटी धाय मोकलून रडतेय असं दिसू लागलं. वास असा सुटला की सासूबाई दोनदा स्टो पाहून आल्या.

जवसाच्या तेलात मात्र जादू झाली! रंग लोण्यासारखा सरकू लागला. वेणीच्या टोकाचे चार केस काडीला बांधून मी कुंचला केला आणि बसले. लाल झूल, झुलीवर पांढऱ्या बुट्ट्या, गळ्यात अकरा घंट्या, प्रत्येक घंटीत लोलक. शेवटी पापण्या.

"वहिनी," नलू कुजबुजली, "हा आता डोळे मिटन!"

लग्न होऊन आठ महिन्यांत या घरात मला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं. ओला. तिसऱ्या दिवशी पाहिलं. ओला, शिवाय बैलाच्या पुठ्ठ्यावर माझ्या अंगठ्याचा सुबक ठसा. आभाळ तर असं भरलेलं की उन्हाची तिरीप नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी शेवटचा ठसा बुजवला, नंदीला पाटावर ठेवला आणि नलूला बजावलं, "पाटाला धर. बैलाला नाही. मेलीस तरी नाही."

पारापाशी चाळीसेक बैल होते. सगळे हळदीगेरूचे, कोरडे आणि फिके. आमचा मधोमध नुसता झळकत होता. (ओला होता ना!) बायका टाचा उंचावून बघत होत्या. परीक्षक अण्णाजी गुरुजी पांढरंशुभ्र धोतर सावरत एकेका बैलाजवळ येत, वाकून बघत आणि प्रेमानं त्याच्या पाठीवर थाप देत. मी थापा मोजू लागले. सतरा, अठरा... गुरुजी नलूपुढे आले. वाकले. हात उचलला.

"हात लावू नका!"

अख्ख्या पाराच्या माना वळल्या. एवढ्या मोठ्यानं कोण ओरडलं म्हणून मीही मागे वळून पाहिलं.

"काऊन जी, बाई?" गुरुजींचा हात हवेतच होता.

आता काय सांगू? "तो... तो नवसाचा आहे!"

गुरुजींनी हात मागे घेतला, टोपी नीट केली आणि नंदीला लांबूनच नमस्कार केला. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. "घंटीतला लोलक दिसते! असं बारीक काम म्या जल्मात नाई पाह्यलं. पयला नंबर!"

नलूनं किंकाळी फोडली. बक्षिसाचा तांब्याएवढा पितळी गडवा डोक्यावर घेऊन ती सगळ्या गल्लीतून नाचत गेली. गेल्या वर्षी पाटा म्हणणाऱ्याच्या दारापुढून तीनदा.

मी विजयानं इतकी फुगले होते की मागे काय चाललंय ते मला कळलंच नाही. प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग सासूबाईंकडे.

"देवकाबाई! नवस बोलल्या अन् आमाले सांगतलं नाई?"

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. पुढच्याच क्षणी आपल्याला हे कधीचं ठाऊक आहे असा चेहरा करून म्हणाल्या, "तीन महिने सांगत नसते, बाई."

घरी आल्याबरोबर त्यांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून चिंचा आल्या. मी "अहो, पण..." म्हणाले की "तू बोलू नको, थकशीन" असं उत्तर मिळे.

दिवेलागणीला हे मिलमधून आले. "सारे मले पेढे मागून राह्यले. कायचे म्हटलं तं हासून राह्यले. झालं तरी काय?"

मी एका दमात सगळं सांगितलं. नवस, रंग, लोलक, चिंचा, सगळं. शेवटी रडले. यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोनाड्याशी गेले, नंदीच्या झुलीवर हलकेच अंगठा टेकवला आणि उजेडात धरून पाहिला. लालभडक.

"वला हाये अजून," हे म्हणाले. "पण तू भिऊ नको. नऊ महिने हायेत आपल्यापाशी."