नाझीमभाईंची जोडनावं

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अल क्वोजमधल्या आमच्या रंगाच्या गोदामात यापुढे फोर्कलिफ्ट नाही. आहे तो लोखंडबैल.

हुकूम आमचे स्टोअरकीपर नाझीमभाई परकार यांचा. मूळचे दापोलीकडचे, बावीस वर्षं दुबईत. मुलगी बीएला असताना तिला फोनवरून मदत करता यावी म्हणून त्यांनी इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. मुलगी पास झाली, सासरी गेली. नाझीमभाई मात्र पहिल्याच प्रकरणात मुक्कामाला राहिले.

"भाऊ, हजार वर्षांपूर्वीचे ते इंग्रज कवी," ते मला सांगत, "साध्या वस्तूला साध्या नावानं हाक मारत नसत. दोन शब्द जोडायचे. समुद्र म्हणजे गलबतवाट. आणि सगळं तोंडपाठ. सरदार जेवायला बसले की उभं राहून म्हणायचं."

"आणि पुढची प्रकरणं?"

"पुढं छापखाना आला. खलास."

तेव्हापासून एसी झाला हिमपेटी, चहा झोपमोड आणि आमचे मॅनेजर देशमुख पगारदाता. एकदा स्टॉकच्या यादीत नाझीमभाईंनी 'आयर्न बुल, एक नग' असं लिहिलं. गोदामात जनावर ठेवायची परवानगी कुणी दिली, अशी हेड ऑफिसातून विचारणा आली.

गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाभींना फोन लावला, स्पीकरवर. ईदेला कायमचा घरी येतो, असं त्यांनी भाभींना कबूल केलं होतं. आणि खिशात होता आणखी दोन वर्षांच्या कराराचा कागद, फक्त सही बाकी. ते सांगायचं सोडून गडी आपला लोखंडबैलाच्या गमती सांगत बसला.

भाभींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला पण एक सुचलंय. सांगू?"

"यल्ला, सांग."

"मोबाइलनवरा."

मी हसलो. एकटाच.

नाझीमभाईंचा झोपमोड कपातच निवला. तसेच उठून ते देशमुखांच्या केबिनमध्ये गेले, मागोमाग मी. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. देशमुखांनी पेन पुढे केलं.

"काय नाझीमभाई, याचं काय नाव ठेवलंय?"

नाझीमभाई पेनाकडे बघत राहिले. जोडायला दोन शब्द काही सापडेनात. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"साहेब, मला घरी जायचंय."